चित्राचाही रियाज असतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात चित्रकलेवर जे काही छापून येतं ते मी आवर्जून वाचते, आवडलं तर कात्रण काढून वहीत चिकटवते, ही सवय फार जुनी. पण ती वही चाळताना एक गोष्ट सारखी जाणवते की चित्र पेपरात येतं ते बहुतेक वेळा दोनच कारणांनी, एक तर त्याचा लिलाव झाला म्हणून नाहीतर त्याच्यावरून वाद झाला म्हणून. मार्च २०२५ मध्ये चित्रकार एम. एफ. हुसेन यांचं ‘ग्राम यात्रा’ हे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात ११८ कोटींच्या आसपास गेलं तेव्हा सगळीकडे आकडाच मोठा होता. तेच चित्र १९५४ चं, आणि कित्येक दशकं नॉर्वेमधल्या एका हॉस्पिटलच्या भिंतीवर टांगलेलं होतं, हे मला त्या आकड्यापेक्षा जास्त भारी वाटलं. पण त्याहून जास्त मला वाचायचं होतं ते हे, की सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून रंगवून त्या माणसाचा हात कसा तयार झाला असेल, एवढी लांब रेघ एका दमात ओढायची ताकद कुठून आली असेल. त्याच्यावर कुठेच काही नाही. म्हणून हे पत्र. लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा.

मी ठाण्यात चरईत राहते. बँकेत काउंटरवर नोकरी केली, आता रिटायर्ड आहे. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, आपल्याकडे ज्याला थोडं बरं चित्र येतं त्याला चित्रकलेचे सर त्या परीक्षांना बसवतातच, त्यानंतर मात्र नोकरी, लग्न, सासूबाईंचं आजारपण, मुलांच्या दहावी-बारावी, सगळ्यांच्या घरात असतं तेच. तैलरंगाला हात लावला तो पन्नाशी जवळ आल्यावर. क्लास लावला नाही. चौकशी केली होती, पण एक तर लहान मुलांचे क्लास होते नाहीतर रविवारी या आणि संध्याकाळी तयार पेंटिंग घेऊन घरी जा असले, आणि मला तयार पेंटिंग नको होतं, मला ऑइल कसं वागतं ते समजून घ्यायचं होतं. मग लायब्ररीतली पुस्तकं, मोबाइलवरचे व्हिडिओ, आणि सुट्टीच्या दिवशी ठाण्याहून लोकल पकडून मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत जायचं. १९५२ पासून ती गॅलरी उघडी आहे, आत जायला तिकीट नाही आणि चित्राच्या अगदी जवळ जाऊन कड कशी सोडलीय, रंग कुठे जाड लावलाय ते निवांत बघता येतं. शिक्षण म्हणाल तर एवढंच.

आणि तांब्या. माहेरून आलेला एक तांब्याचा तांब्या आहे माझ्याकडे, पोटाला एक पोचा आलेला. तो, दोन लिंबं आणि मागे जुन्या धोतराचा तुकडा. ही मांडणी मी गेली बरीच वर्षं काढतेय. मधे मधे दुसरंही काढते, मासुंदा तलावाचं पाणी काढलंय, कळव्याच्या पुलावरून दिसणारी खाडी काढलीय, पण परत तांब्यावर येतेच. सकाळी चहा झाला की घराच्या गॅलरीच्या दारापाशी ईझल, म्हणजे चित्राची घोडी, लावायचं, चार रंग पॅलेटवर काढायचे आणि बसायचं. दीड-दोन तासांनी उजेड फिरला की थांबायचं. बरेचदा मी ते चित्र ठेवत नाही, रंगाच्या बोथट सुरीने सगळा रंग खरवडते आणि त्याच बोर्डावर दुसऱ्या दिवशी परत सुरू करते. खरवडलेला रंग फेकत नाही, सगळं एकत्र मळलं की छान उबदार राखाडी तयार होतो, तो पुढच्या बोर्डला पातळ हात द्यायला उपयोगी पडतो.

आता लोक विचारतात, आणि प्रेमानेच विचारतात, की अहो तेच तेच काय काढताय, काहीतरी नवीन काढा ना. माझी मोठी नणंद दर दिवाळीला विचारते. मला याचं खरंच नवल वाटतं, कारण हाच प्रश्न आपण गाणाऱ्याला कधी विचारत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये एक मुलगी पहाटे यमन घेऊन बसते, वर्षानुवर्षं यमनच, कधी नुसता खर्ज, आणि अख्खी बिल्डिंग कौतुकाने म्हणते काय रियाज करते पोरगी. तबल्याच्या विद्यार्थ्याने एकच कायदा, म्हणजे बोलांची एकच रचना, सहा महिने घोटली तरी घरचे म्हणतात गुरुजींनी सांगितलंय, बरोबरच आहे. गाण्यात परत परत करण्याला आपल्याकडे मान आहे, नाव आहे, वेळ आहे. मग चित्रात का नाही? चित्र म्हटलं की आपल्याला लगेच कल्पना, प्रतिभा, आतून आलं, असलं काहीतरी ऐकायचं असतं, आणि हाताचं काम कोणाच्या लक्षातच येत नाही. मला तर अनुभवाने असं वाटतं की ज्याने कॉलेज केलेलं नाही त्याच्यासाठी ही पुनरावृत्ती हाच कॉलेजच्या जागी असलेला अभ्यास आहे. जी.डी. आर्ट, म्हणजे चित्रकलेची सरकारी पदविका, करणाऱ्या मुलांना पहिल्याच वर्षी सर बसवून तेच तेच काढून घेतात, एकट्याने शिकणाऱ्याला ते स्वतःच स्वतःकडून काढून घ्यावं लागतं.

आणि ‘तेच’ म्हणतात ते तेच नसतंच. पितांबरीने घासल्याबरोबर तांब्या गुलाबी-केशरी असतो, खिडकीची चौकट त्याच्यात स्पष्ट दिसते, माझ्या साडीचा रंगसुद्धा दिसतो. आठवडाभर हात लावला नाही की तो मंदावतो, त्याच्यावरचा चमकता ठिपका पसरतो, मग हळूहळू तपकिरी, आणि पावसाळ्यात तर डाग डाग पडून कडेला काळपट हिरवा होतो. बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस तपकिरी तोच, यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा तोच, पण प्रमाण दर वेळी वेगळं. सुरुवातीला सावलीसाठी काळा रंग घ्यायचा मोह होतो सगळ्यांनाच, पण अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना एकत्र केला तर जो गडद रंग येतो तो ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा कितीतरी जिवंत असतो, थोडा निळ्याकडे झुकवला की थंड सावली, सिएनाकडे झुकवला की ऊबदार. हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं, हाताला कळायला वेळ लागतो. (जाता जाता, हा अल्ट्रामरीन पूर्वी लाजवर्द नावाच्या दगडापासून करायचे, भयंकर महाग असायचा, १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये तो कारखान्यात करायची रीत निघाली, आणि आपली आई-आजी पांढऱ्या कपड्यांना जी पूड नीळ द्यायची ती मुळात हीच वस्तू. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.)

तैलरंगच का, असंही विचारतात. ॲक्रिलिक लवकर वाळतं, वास नाही, सोयीचं आहे, सगळं खरं. पण ऑइल वाट बघतं. त्यातलं तेल म्हणजे जवसाचं तेल, लिन्सीड, आणि ते पाण्यासारखं उडून जाऊन वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन शोषून घेऊन हळूहळू घट्ट होतं. म्हणून आज लावलेला रंग उद्याही हलवता येतो, कड मऊ करता येते, चुकलं तर पुसता येतं. अंबर (umber) नावाचे मातकट तपकिरी रंग एक-दोन दिवसांत वाळतात कारण त्यात मँगनीज असतं, आयव्हरी ब्लॅक हा काळा आणि अलिझरीन हा गडद लाल यांच्यासारखे रंग आठवडा-आठवडा ओले राहतात. म्हणून नियम असा की खालचे थर पातळ आणि कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे, उलट केलं तर वरचा आधी वाळतो, खालचा नंतर, आणि चित्राला भेगा पडतात. व्हार्निश तर सहा महिने ते वर्षभर थांबून. आजकाल सगळं पटकन हवं असताना वर्षभर थांबायला लावणारी वस्तू हातात असणं मला बरं वाटतं.

आपल्याकडे एकट्याने शिकणाऱ्याची अजून एक अडचण आहे त्यावर कोणी लिहीत नाही, ती म्हणजे बहुतेक पुस्तकं आणि व्हिडिओ थंड देशातले. ते सांगतात उत्तरेची खिडकी घ्या, तिथून कधी थेट ऊन येत नाही, उजेड दिवसभर सारखा राहतो. त्यांच्याकडे ते बरंचसं खरं आहे. ठाणे १९ अंश अक्षांशावर आहे, मे महिन्याच्या मध्याला सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो, शून्य सावलीचा दिवस म्हणून आपल्याच पेपरात दरवर्षी बातमी असते बघा, आणि जुलैच्या शेवटी परत येतो. म्हणजे त्या दोन-अडीच महिन्यांत दुपारचा सूर्य उत्तरेच्या बाजूला असतो, आणि उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि संध्याकाळी तर उत्तरेच्या खिडकीत तिरपं ऊन घुसतंच. जूनपासून ढग असतात म्हणून निभावतं, मे महिन्यात मात्र पातळ पांढरा पडदा लावावा लागतो. तसंच पावसाळ्याचं. घोडबंदर काय, नौपाडा काय, जुलैमध्ये कॅनव्हासच्या मागे बुरशी धरतेच, भिंतीला टेकवून ठेवला तर हमखास, मी सगळे बोर्ड भिंतीपासून वीतभर लांब, हवा खेळेल असे उभे ठेवते. आणि कपाटात अंधारात ठेवले की जवसाच्या तेलामुळे पांढरा रंग पिवळट दिसायला लागतो, परत उजेडात काही दिवस ठेवले की बराचसा उतरतो.

एक अगदी महत्त्वाचं, कृपया हे कापू नका. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून डब्यात किंवा पिशवीत टाकायची नाहीत. तेल वाळताना उष्णता तयार होते आणि बोळा घट्ट असेल तर ती बाहेर पडत नाही, फडकं आपोआप पेट घेऊ शकतं, हे खरंच होतं. फडकी पाण्यात भिजवायची किंवा एकेक पसरून वाळवायची, मगच कचऱ्यात. वन बीएचकेमध्ये, गॅसच्या शेजारी, लहान मुलं असताना लोक व्हिडिओ बघून ऑइल सुरू करतात आणि व्हिडिओत हे सांगितलेलं नसतं. रंग पातळ करायचं टर्पेंटाइनही खिडक्या उघड्या ठेवूनच वापरायचं. मी तर ब्रश आधी साध्या तेलात घोळवून पुसते आणि मग अंगाच्या साबणाने धुते, वासाचा त्रास घरच्यांना होत नाही.

स्वतः शिकलेला म्हणजे हौशी, कच्चा, असा एक सूर आपल्याकडे असतो, त्याने मला वाईट वाटतं. राजा रविवर्मा यांचंच बघा, तैलरंग तेव्हा आपल्याकडे नवीनच होते, त्रावणकोरच्या दरबारातले जाणकार चित्रकार शिकवायला तयार नव्हते, १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचे युरोपियन चित्रकार तिथे आले तर त्यांनीही फक्त काम करताना बघायची परवानगी दिली, आणि बघून बघून, घरी जाऊन करून करून हा माणूस शिकला. पुढे त्यांचा छापखाना मुंबईहून आपल्या लोणावळ्याजवळ मळवलीला आला आणि तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरात पोचल्या. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर, कुठल्या आर्ट स्कूलमध्ये न जाता नाटकाचे पडदे रंगवत रंगवत तैलरंगात तयार झाले, आडनाव मिस्त्री होतं ते लोकांनी पेंटर करून टाकलं. भूपेन खख्खर मुंबईत जन्मलेले, चार्टर्ड अकाउंटंट, बडोद्याला हिशेबाची नोकरी करत चित्रं काढायचे आणि चित्र काढायला स्वतःच शिकलेले. मी आयुष्यभर काउंटरवर आकडेमोड केली म्हणून असेल, पण खख्खर मला फार जवळचे वाटतात. व्हॅन गॉगने तर वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी चित्रकार व्हायचं ठरवलं, त्याआधी नोकऱ्या आणि धर्मप्रचार.

आणि पुनरावृत्तीचं म्हणाल तर मोने या फ्रेंच चित्रकाराने रुआँच्या कॅथेड्रलची तीसहून जास्त चित्रं काढली, समोरच्या इमारतीत खोली घेऊन, तीच भिंत, फक्त उजेड बदलता. इटलीत बोलोन्याला जॉर्जो मोरांदी होते, १९६४ ला गेले, आयुष्यभर बाटल्या, डबे, फुलदाण्या, त्याच त्या हलवून परत मांडायच्या आणि परत काढायच्या. त्यांची चित्रं मी फक्त छापलेली बघितलीत पण बघताना श्वास हळू होतो. ही मोठी माणसं, मी त्यांच्या रांगेतली नाही आणि मला तसं म्हणायचंही नाही, मला एवढंच म्हणायचंय की परत परत करणं हा चित्रकलेचा राजमार्ग आहे, आणि तो आम्हालाही मोकळा आहे.

मनःशांतीबद्दलही थोडं लिहिते कारण हल्ली चित्रकलेची जाहिरातच स्ट्रेस घालवा म्हणून करतात. शांत वाटतं हे खरं आहे. सासूबाई गेल्या त्या वर्षात मी रोज बसायचे आणि ते दोन तास मला धरून ठेवायचे. पण ती शांती रंग फासल्याने आली नाही. काय काढायचं हे ठरलेलं असतं, मांडणी ठरलेली असते, रंग ठरलेले असतात, त्यामुळे डोक्याला दुसरं कामच उरत नाही, फक्त बघायचं, डोळे बारीक करून, इथला उजेड तिथल्यापेक्षा किती कमी, ही कड तुटते का विरघळते. मन बघण्यात गुंतलं की बाकीचं आपोआप गप्प बसतं. आणि रोज जमत नाही, कितीतरी सकाळी नुसती चिडचिड होते, लिंबाचा पिवळा मळकट होतो, दुपारी कळतं की पांढरा जास्त पडला. तरी दुसऱ्या दिवशी बसायचं. मला वाटतं हा भाग जाहिरातवाल्यांनी सांगायला हवा, नाहीतर लोक दोन रविवार करतात, शांत वाटत नाही म्हणून सोडून देतात, आणि नवे कोरे रंग कपाटात पडून राहतात.

आता मागणं काय ते सांगते. आपल्या ठाण्यात अभ्यासिका आहेत, मुलं एमपीएससीचा अभ्यास करत रात्री उशिरापर्यंत बसलेली असतात, फार चांगली सोय आहे. मराठी ग्रंथसंग्रहालय तर १८९३ पासून आहे, म्हणजे वाचणाऱ्याला बसायला जागा हवी हे या शहराला सव्वाशे वर्षांपूर्वीच समजलं होतं. तशीच एक चित्रांची अभ्यासिका हवी. मोठं काही नको. एक खोली, उत्तरेकडे मोठ्या खिडक्या, पाण्याचं बेसिन, बोर्ड ओले असताना उभे करून ठेवायला लाकडी खाचांची मांडणी, आणि मधे एक टेबल ज्यावरची वस्तुचित्राची मांडणी महिनाभर कोणी हलवणार नाही. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. घरी हीच अडचण असते, जेवायला पानं घ्यायची म्हणून टेबल रिकामं करावं लागतं, पाहुणे आले की ईझल आत जातं, आणि ऑइलचं काम दिवसांमागून दिवस चालणारं असल्याने मांडणी हलली की सगळं हललं. मला माहितीये अशा किती बायका आणि किती रिटायर्ड माणसं आहेत, वागळे इस्टेटमधून रिटायर झालेले एक काका आमच्या ओळखीचे, गच्चीच्या जिन्यात बसून काढतात, पावसाळ्यात चार महिने बंद. शिक्षक नको, परीक्षा नको, सर्टिफिकेट नको. वापरणाऱ्यांकडून महिन्याला थोडी फी घ्या, आम्ही देऊ. महापालिकेच्या कितीतरी वास्तूंमध्ये सकाळच्या वेळी हॉल रिकामे असतात, त्यातला एक या कामाला देता येईल का याचा विचार संबंधितांनी करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि आपल्याकडे, म्हणजे पेपरकडेही एक. रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा पाव पान द्या. त्यात एकाच माणसाने काढलेली एकाच वस्तूची तीन-चार चित्रं शेजारी शेजारी छापा, पहिलं, मधलं, आत्ताचं. किंमत छापू नका, प्रदर्शन कुठे ते छापू नका, खाली चार ओळीत त्याने किंवा तिनेच लिहावं की काय बदललं आणि कशामुळे. ज्यांना वय झालं, आता काय शिकणार, असं वाटतं त्यांना हे बघून जेवढा धीर येईल तेवढा कुठल्याही कोटींच्या बातमीने येणार नाही. पहिल्या वेळेला कोणी पुढे आलं नाही तर माझे बोर्ड घेऊन मी ऑफिसला यायला तयार आहे, जुन्यातले काही न खरवडता ठेवलेत. आणि अभ्यासिकेची खोली मिळालीच तर पहिल्या महिन्याची मांडणी माझ्याकडून, बेसिन साफ ठेवायचं कामही मी आणि ते जिन्यातले काका वाटून घेऊ, त्यांना विचारूनच लिहितेय.

आपली नम्र,
एक नियमित वाचक,
चरई, ठाणे (पश्चिम)